नानांची सव्वा मूठ

श्रावण लागला की आमच्या घरात गहू मोजले जात. तराजूवर नाही, मुठीने. श्रावणातल्या एका रविवारी घरी बसवायच्या कानबाई देवीच्या रोटासाठी घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू काढायचे, दळायचे आणि त्याच पिठाचा रोट करायचा, ही आमच्या खानदेशातली रीत. पोटासाठी सुरतेला आलेल्या आमच्यासारख्या घरांनी ती भांड्याकुंड्यांबरोबर इकडे आणली. माय सुपात गहू घेऊन बसायची, नाव घ्यायची आणि मूठ काढायची. पहिली नानांची, म्हणजे माझ्या वडिलांची. दुसरी माझ्या धाकट्या भावाची, दिनेशची. माझी मूठ नसायची. मुलींची नसते. लहानपणी मी एकदा विचारलं होतं तेव्हा माय म्हणाली होती, "तू काय आठे ऱ्हावाव से का?" तू काय इथे राहणार आहेस का? तो रोट भाऊबंदकीतल्या माणसांनीच खायचा. शेजाऱ्याला द्यायचा नाही, घराबाहेर न्यायचा नाही, लग्न झालेल्या लेकीलाही द्यायचा नाही. आता माझं लग्न होऊन बरीच वर्षं झाली. अजूनही मी दरवर्षी त्या रविवारी माहेरी जाते, पुरणपोळी खाते, गंगाफळाची, म्हणजे लाल भोपळ्याची, भाजी खाते आणि रोटाच्या पंगतीच्या वेळी उठून ओट्यावर जाऊन बसते. त्याचं वाईट वाटत नाही. पण ज्या वर्षांबद्दल मी लिहायला बसले आहे ती वर्षं त्या मुठीभोवतीच फिरली, म्हणून सुरुवात तिथून.

आमचं घर सुरतेतल्या उधन्याला, दोन खोल्यांचं, भाड्याचं. भिंतीच्या पलीकडे लूमचा कारखाना होता आणि त्याची खटखट इतकी सतत होती की आम्हाला ती ऐकूच येत नसे. सुट्टीच्या दिवशी मशिनं बंद झाली की मात्र सगळी गल्ली दचकून जागी व्हायची. मी दहावीपर्यंत दोंडाईच्याला मामाकडे शिकले, कारण इथली मराठी शाळा सातवीपर्यंतच होती आणि गुजरातीत शिकवायचं नानांना पटत नव्हतं. दोंडाईच्याच्या शाळेचे पत्रे उन्हाळ्यात तापायचे, पण तिथल्या बाईंनी मला हिशेब आणि शुद्धलेखन असं काही शिकवलं की आज मी अकरावी-बारावीच्या मुलांना वाणिज्य शिकवते ते त्यांच्याच जोरावर. दहावी झाली आणि मी सुरतेला आले. घरात अहिराणी, गल्लीत हिंदी, बाजारात गुजराती आणि कॉलेजात या तिन्हींची खिचडी. आमच्या घराण्यात कॉलेजचं दार पाहिलेलं तोवर कोणी नव्हतं. पहिल्या दिवशी नाना मला पोचवायला आले, फाटकाबाहेरच थांबले आणि चपला काढून उभे राहिले. मी मागे वळून पाहिलं तेव्हा ते पाय झटकत होते आणि पुन्हा चपला घालत होते. सवयीने काढल्या गेल्या, एवढंच.

नाना पलसाण्याच्या एका प्रोसेस हाऊसमध्ये कलर मास्टर होते. कापड रंगवायच्या मशिनवर हेल्पर म्हणून लागले आणि नजरेच्या बळावर मास्टर झाले. रंगवलेल्या तुकड्याचा कोपरा ओला करून ते उन्हात धरायचे आणि सांगायचे, यात निळा थोडा जास्त झालाय. त्यांची नखं कधीच नखांच्या रंगाची नव्हती. माय आठवड्याचा वार विसरली तर ती नानांची बोटं बघायची, असं दिनेश चेष्टेने म्हणायचा. त्या प्रोसेस हाऊसच्या शेठच्या नात्यातल्या कोणी तरी इथिओपियात मिल काढली आणि सुरतेतून मास्टर, फिटर, लूमवाले अशी माणसं न्यायला सुरुवात केली. पगार ऐकून माय भिंतीला टेकून बसली. पगाराचे दोन भाग असणार होते. लहान भाग इथे, सुरतेच्या ऑफिसातून रुपयांत खात्यावर. मोठा भाग तिकडे, तिकडच्या पैशांत, तिकडच्या बँकेत. करार संपला की तो साठलेला पैसा घेऊन परत यायचं आणि डिंडोलीत स्वतःचं घर घ्यायचं, हे ठरलं होतं. घर कुठलं, हेही ठरलं होतं. कोपऱ्यावरचं, पुढे एक कडुनिंब असलेलं. माय आणि मी ते बाहेरून पाहूनही आलो होतो.

जाण्याआधी नानांनी एक काम केलं, ते आठवलं की आजही हसू येतं आणि मग येत नाही. बँकेतून नवं चेकबुक आणलं, ओट्यावर बसून त्यातल्या प्रत्येक चेकवर सही केली आणि ते मायच्या हाती दिलं. सही करायला त्यांना वेळ लागायचा. प्रत्येक सही झाली की ते ती लांब धरून पाहायचे, कापड पाहावं तशी. "आता मी इथे नसलो तरी माझा हात इथे आहे," म्हणाले. आमच्या गल्लीतले परदेशी गेलेले सगळेच असं करून गेले होते. कोणालाच त्यात काही चूक वाटली नव्हती.

चेक संपत आले तेव्हा माय नवं चेकबुक आणायला मला बरोबर घेऊन बँकेत गेली. नवी साडी नेसली होती. काऊंटरवरच्या साहेबांनी विचारलं, "खातेदार क्यां छे? सही करवा एमने मोकलो." खातेदार कुठे आहेत, सही करायला त्यांना पाठवा. मायला गुजराती समजायचं, पण बोलताना ती हिंदीवर यायची. ती जरा मोठ्या आवाजात, आजूबाजूच्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "वो तो आफ्रिका में हैं, साहब. बड़ी मिल में कलर मास्टर हैं."

साहेबांनी चष्मा वर केला. "क्यारथी?" कधीपासून?

"गये दिवाली से."

"अरे बेन, तो आ खातुं आम न चाले." साहेब चांगले होते, ओरडले नाहीत, समजावून सांगितलं. माणूस परदेशात कमावायला गेला की त्याचं साधं खातं साधं राहत नाही, बदलून घ्यावं लागतं. त्यासाठी त्यांनी स्वतः यावं, नाही तर तिकडच्या वकिलातीत जाऊन अधिकाऱ्यासमोर सही करून कागद पाठवावेत. तोपर्यंत यातून पैसे काढता येणार नाहीत. आणि हे चेक अगोदरच सही करून ठेवलेत का? असं करतात का कोणी?

मायने उरलेले चेक पिशवीत ठेवले. बाहेर आल्यावर बँकेच्या पायरीवर बसली आणि म्हणाली, "मी कशाला बोलले?" अभिमानाने एक वाक्य बोलली होती बिचारी. वर्षभर गल्लीतल्या बायकांना सांगत होती तेच वाक्य. वकिलात होती राजधानीत आणि नानांची मिल तिथून दिवसभराच्या प्रवासावर. सुट्टी मिळून, कागद होऊन, ते इथे पोचेपर्यंत कितीतरी महिने गेले. तेवढ्या काळात मायने साड्यांचे धागे कापायचं काम घरी आणलं. माझी फी मोठीबाईंनी भरली. मोठीबाई म्हणजे नानांच्या थोरल्या भावाच्या विधवा. त्यांना मूलबाळ नव्हतं, गल्लीच्या टोकाला त्यांची चूल वेगळी होती, पण कानबाई दोन्ही घरांची मिळून एकच, आमच्या घरी बसायची. त्यांचे उपकार मी कोणत्या शब्दांत फेडणार? त्यांनी ते पैसे कधी परत मागितले नाहीत, मात्र मी पुस्तक उघडलं नाही की म्हणायच्या, "मना पैसा कथा गया, दिखू दे." माझा पैसा कुठे गेला, दिसू दे.

नानांचा फोन दर रविवारी यायचा. मायच्या साध्या मोबाईलचा आवाज मोठा करून मोठीबाई धरून आम्ही चौघं त्याभोवती बसायचो. मागे कधी मिलचा भोंगा, कधी लाऊडस्पीकरवरून चर्चमधलं लांबलचक गाणं. नाना आधी जेवणाचं सांगायचे. तिकडे ज्वारी मिळते, लाल असते, भाकरी थापता येते पण तव्यावर फुगत नाही. तिकडची माणसं आंबवलेल्या पिठाची पोळी खातात, मोठी, ताटाएवढी, सगळे एकाच ताटात. कॉफी पिताना आधी बिया भाजतात आणि तो धूर सगळ्यांना हाताने ओढून घ्यायला सांगतात. ते सांगताना त्यांचा आवाज हलका व्हायचा. मग माय विचारायची, "कव्हय येशात?" कधी येणार? आणि आवाज परत जड व्हायचा.

करार संपला होता. यायला हरकत नव्हती. हरकत पैशाची होती. तिकडच्या बँकेत पैसा होता, नानांच्या नावावर, एक छदामही कोणी बुडवला नव्हता. पण तो तिकडचा पैसा होता आणि त्याचे डॉलर केल्याशिवाय तो इकडे येणार नव्हता. त्या देशाजवळ डॉलर थोडे. आधी औषधं आणणाऱ्याला, मग पेट्रोल आणणाऱ्याला, मग मशिन आणणाऱ्याला आणि उरलेच तर माझ्या वडिलांना. अर्ज करून नंबर लावायचा आणि वाट पाहायची. नोटा खिशात घालून यावं तर सीमेवर तेवढ्या नेऊ देत नाहीत, आणि आणल्या तरी इथे त्या कोणी घेणार नाही. बरं, नंबर लावून घरी यावं म्हटलं तर तेही नाही. तिथे कामाचा परवाना असलेल्या माणसाचाच अर्ज चालतो. माणूस देश सोडून गेला की अर्ज रद्द. म्हणून नानांनी दुसरा करार केला, पैशाजवळ राहायला.

आज वर्गात परकीय चलनाचा धडा शिकवताना मुलं विचारतात, मॅडम, आपलेच पैसे आपल्याला का नाही आणता येत? पुस्तकात उत्तर आहे, दोन ओळींत, आणि ते बरोबरही आहे. देश गरीब असला की तो दार लावून घेतो, त्यात त्याचा तरी काय दोष. मी ते उत्तर सांगते, मुलं लिहून घेतात. माझ्या डोळ्यांपुढे मात्र रंगीत नखांचा एक माणूस बँकेच्या बाकावर बसलेला असतो. त्या काऊंटरवर एक तरुण मुलगी होती, तिचं नाव नानांना नीट उच्चारता यायचं नाही. ती त्यांना पाहिलं की उठून उभी राहायची आणि पुढच्या महिन्यात बघू, असं हात जोडून सांगायची. हात जोडायचं तिला नानांनीच शिकवलं होतं. "पोर चांगली से," नाना म्हणायचे, "तिना हातमा काही नही."

याच काळात किशोरभाई आमच्या घरी आले. रिंग रोडच्या बाजारात त्यांचं साड्यांचं दुकान, माय त्यांच्याच साड्यांचे धागे कापायची. त्यांचा भाचा तिकडे व्यापार करत होता. चहा पिता पिता म्हणाले, "भाभी, तमे खाली हा पाडो. मास्टर त्यां मारा भाणाने पैसा आपी दे, अहीं हुं सांजे तमारा घरे मूकी जाऊं. कागळ नहीं, लाइन नहीं." तुम्ही फक्त हो म्हणा, तिकडे पैसे भाच्याला द्या, इकडे संध्याकाळी मी घरी आणून ठेवतो. भाव जरा कमी मिळेल, एवढंच. मायचे डोळे चमकले. मला वाटतं त्या क्षणी तिला कडुनिंब दिसला असावा. मी कॉमर्सची विद्यार्थिनी, मी म्हटलं, हे कायद्यात बसत नाही. किशोरभाई हसले. "बेटा, कायदामां तो तारा पप्पा बेठा ज छे ने, केटला वखतथी!" कायद्यात तर तुझे पप्पा बसलेच आहेत, किती दिवसांपासून!

मी रिकामे कप उचलून आत नेले. रविवारी मायने नानांना सांगितलं. नाना म्हणाले, त्यांच्या मिलमधल्या एका फिटरने असंच केलं, पैसे देताना पकडला गेला, पैसेही गेले आणि तोही आत आहे. "मी चोरी नही करेल. मंग चोरनामायक कसाले येऊ?" चोरी केली नाही तर चोरासारखा कशाला येऊ? मायने किशोरभाईंना नाही म्हणून सांगितलं. त्यांनी वाईट वाटून घेतलं नाही, पण दुसऱ्या आठवड्यापासून साड्या शेजारच्या घरात द्यायला लागले.

मी बी.कॉम. झाले. निकालाच्या दिवशी मोठीबाईंनी गल्लीत पेढे वाटले आणि प्रत्येकाला सांगितलं, "हाई पोर मनी से, मना पैसानी पास व्हयनी." ही पोर माझी, माझ्या पैशाने पास झाली. नाना फोनवर रडले. त्यांना रडताना मी पहिल्यांदा ऐकलं, तेही दोन समुद्रांपलीकडून, मधे मधे आवाज तुटत होता. डिंडोलीचं कोपऱ्यावरचं घर कोणी दुसऱ्याने घेतलं. मायला ते कळलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "बरं व्हयनं. निंबना पाला झाडाले मी कथाइन पुरसू." कडुनिंबाचा पाला झाडायला मी कुठून पुरणार होते. त्यानंतर तिने घराचं नाव काढलं नाही. ती थकली होती. धागे कापायच्या छोट्या कात्रीने तिच्या अंगठ्याला घट्टा पडला होता. संध्याकाळी ती दिवा लावायची आणि तिथेच बसून राहायची.

पुन्हा श्रावण आला. घर सारवून, रंगवून झालं. कानबाईच्या आदल्या रविवारी फोन आला. नानांनी जेवणाचं सांगितलं, नंबराचं सांगितलं. काऊंटरवरची मुलगी म्हणाली होती, बहुतेक दसऱ्याच्या सुमाराला. मागच्या वर्षीही दसराच म्हणाली होती. माय ऐकत होती. मग तिने मोबाईल उचलून हातात घेतला, तोंडाजवळ धरला.

"ऐका. यंदा तुमनी मूठ मी घेवाव नही."

"काय म्हणस तू?"

"जो माणूस घरमा नही, त्यानी कसानी मूठ? इतला सालनी घेतल्या. रोट आम्ही खातस. तुमना वाटाना बी आम्हीच खातस. मना गळाखाले उतरस नही आते."

"पैसा सुटना का लगेच येस ना मी."

"पैसा तठे, तुम्ही बी तठे. मंग आठे कोण से?" पैसा तिकडे, तुम्हीही तिकडे, मग इथे कोण आहे? एवढं म्हणून मायने फोन ठेवला. ठेवला म्हणजे कापला. नानांचा फोन तिने याआधी आयुष्यात कधी कापला नव्हता.

मोठीबाई भिंतीशी बसल्या होत्या. त्या उठून उभ्या राहिल्या. "डोकं फिरनं का तुनं? जित्ता माणूसनी मूठ सोडतस का कोणी?" जिवंत माणसाची मूठ सोडतात का कोणी? त्यांनी एकदा ती सोडली होती. ज्या वर्षी थोरले काका गेले त्या वर्षी. मूठ थांबते ती फक्त तेव्हाच. माय म्हणाली, "तुम्ही घ्या मंग. मी नही घेवाव." आणि शुक्रवारी सुपात गहू घेऊन बसली तेव्हा तिने एकच नाव घेतलं, दिनेशचं. मी समोर बसले होते. मूठ काढून झाल्यावर तिने हात सुपावर तसाच धरून ठेवला, रिकामा, आणि मग पदराला पुसला. मोठीबाई आमच्या घरात जेवल्या नाहीत. शनिवारी गहू गिरणीत दळून आले. एका माणसाच्या पिठाचा पुडा तो केवढासा.

रविवारी सकाळी कानबाई बसली. नारळाला नथ, नवी साडी, वेणी. गल्लीत ढोल वाजत होते, कारण आमच्यासारखी खानदेशी घरं तिथे ओळीने होती. दुपार टळायला आली होती, पुरण शिजत होतं, आणि दारात रिक्षा थांबली. दिनेश बाहेर पळाला. मी पाहिलं तर नाना, अंगावर जाड जाकीट, सुरतेच्या त्या घामाच्या दिवसांत. हातात एकच बॅग. वाळले होते. केस पुढून गेले होते. दारातच चपला काढून उभे राहिले, कॉलेजच्या फाटकापाशी राहिले होते तसे.

"उनू मी," म्हणाले. आलो मी.

माय चुलीजवळून उठली नाही. "पैसा?"

"तठेच से."

"नंबर?"

"गया."

माय थोडा वेळ पुरण ढवळत राहिली. मग म्हणाली, "आधी पानी प्या." आणि मला म्हणाली, "पाणी दे तुन्या बापले, बघत काय उभी से." तिचं तोंड पलीकडे होतं. मी पाणी दिलं. नानांनी तांब्या घेतला तेव्हा मी त्यांची नखं पाहिली. ती स्वच्छ होती, नखांच्या रंगाची. त्या फोनच्या दुसऱ्याच दिवशी काम सोडलं असावं. तिकिटासाठी, परवान्यासाठी फिरत असावेत. ते त्यांनी कधी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

मग प्रश्न उभा राहिला. मोठीबाई बातमी ऐकून धावत आल्या, दिरापुढे रडून झालं, आणि डोळे पुसता पुसता म्हणाल्या, "आते याले रोट कसा देशी? मूठ नही त रोट नही." आता याला रोट कसा देणार? गिरणी रविवारी बंद. जातं गल्लीत कोणाकडे नव्हतं. माय आत गेली, सूप आणलं, गव्हाचा डबा आणला आणि नानांपुढे ठेवला. "घ्या," म्हणाली, "तुम्हीच घ्या तुमनी." आमच्या घरात पुरुषाने स्वतःची मूठ स्वतः काढल्याचं मी कधी पाहिलं नव्हतं. नानांनी डब्यात हात घातला. गहू बोटांतून सांडत होते. मूठभर काढले, मग चिमूटभर वर. मायने ते निवडले आणि मिक्सरच्या भांड्यात टाकले.

मोठीबाई किंचाळल्याच. "मिक्सरमा? देवले चालस का हाई?"

"विमानमाईन उतरेल माणूस चालस," माय म्हणाली, "अन मिक्सरना आटा चालस नही?" विमानातून उतरलेला माणूस चालतो आणि मिक्सरचं पीठ चालत नाही? दिनेश फस्सकन हसला. मोठीबाईसुद्धा हसल्या, पदर तोंडाला लावून. मिक्सर ओरडत राहिला, तापला, जळका वास यायला लागला, तरी पीठ काही बारीक झालं नाही. तसंच रव्यासारखं भरडं ते दिनेशच्या पिठात मिसळलं आणि रोट झाला. संध्याकाळी दूध-तुपाबरोबर आम्ही तो खाल्ला. मी तेव्हा अजून त्या घरची होते. प्रत्येक घासाला दाताखाली काहीतरी कचकचायचं. सगळे हळूहळू चावत होते.

बॅगेत दोन शर्ट, एक ब्लँकेट आणि कॉफीच्या बियांची पुडी निघाली. जेवढी आणू देतात तेवढी. मायने त्या दुसऱ्या दिवशी तव्यावर भाजल्या, नानांनी सांगितलं म्हणून धूर हाताने ओढून घेतला आणि त्या कुटून गुळाच्या चहासारखी कॉफी उकळली. फार कडू झाली. "इतला सालनं हाईच का?" तिने विचारलं. एवढ्या वर्षांचं हेच का? नाना म्हणाले, "हाईच." तिने कप संपवला.

नाना पुन्हा पलसाण्याला लागले, मास्टर म्हणून नाही, मास्टरच्या हाताखाली. त्यांची जागा केव्हाच भरली होती. डिंडोलीत घर झालं नाही. दिनेश मोठा होऊन चलथाणच्या साखर कारखान्यात लागला तेव्हा त्याने उधन्यातच एक खोली विकत घेतली. माझ्या बी.एड.चे पैसे मात्र नानांनी त्या कमी झालेल्या पगारातून भरले. मी आज जी काही आहे ती त्यामुळे आहे, हे इथे लिहून ठेवायला हवं. ते तिकडचं नाव कधी काढत नसत, पण पेपरात त्या देशाची बातमी आली की चष्मा शोधत. तिकडच्या पैशाची किंमत घसरत गेली, एवढं मला माहीत होतं. मी ते त्यांना कधी सांगितलं नाही. बहुतेक त्यांनाही माहीत होतं आणि तेही मला सांगत नव्हते.

यंदा नाना गेले, उन्हाळ्यात, झोपेत. मोठीबाई त्यांच्या आधीच गेल्या. यंदाच्या श्रावणात मी माहेरी गेले तेव्हा माय सुपापुढे बसली होती. आता तिला दिसत कमी. दिनेशची मूठ काढली, दिनेशच्या मुलाची काढली. नाना परतले त्या वर्षापासून ती त्यांची मूठ गिरणीत पाठवत नसे, घरीच मिक्सरमध्ये वेगळी दळायची, भरडी, आणि सून दरवर्षी कुरकुरायची. यंदा मिक्सर स्वयंपाकाच्या ओट्यावर झाकलेला होता.

मीच विषय काढला. म्हटलं, माय, तिकडच्या बँकेत नानांचं खातं अजून आहे. ते गेल्याचं आपण कळवलेलं नाही. कळवायला हवं. वारसाचे कागद मागतील, वकिलातीचा शिक्का मागतील, मिळेल तर थोडंफार मिळेलही, नाही तर निदान खातं बंद तरी होईल. मी सगळं नीट समजावून सांगितलं, वर्गात सांगते तसं. माय गहू निवडत ऐकत होती. एक खडा सापडला तो तिने बाजूला टाकला.

"तठे त्यासनं नाव से ना अजून?"

"आहे."

"मंग ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "कळाडू नको. आठे मी त्यासले मोजनं बंद करं. तठे तरी मोजू दे त्यासले."